एका हाताने चालणारी चाकांची खुर्ची

चाकांची खुर्ची बनवणारा एक गोष्ट न सांगता गृहीत धरून चालतो. खुर्चीत बसणाऱ्याचे पाय अधू असले तरी त्याचे दोन्ही हात शाबूत आहेत, ही ती गोष्ट होय. मोठ्या चाकांच्या बाहेरच्या अंगाला नळीची एकेक रिंग बसवलेली असते. दोन्ही रिंगा एकदम पुढे ढकलल्या की खुर्ची सरळ जाते. एक थांबवून दुसरी फिरवली की वळते. अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण अभियंत्याचा पाठीचा कणा अपघातात मोडला होता. त्याने व त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज याने १९३३ मध्ये घडी होणारी नळ्यांची खुर्ची तयार केली. आज रुग्णालयांच्या व्हरांड्यांतून जी खुर्ची सर्रास दिसते ती तिचीच वंशज आहे आणि दोन हातांची अपेक्षाही तिच्याबरोबर चालत आली आहे.

ज्याचा एकच हात चालतो अशा माणसाला या खुर्चीत बसवले म्हणजे काय होते ते पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताने उजवी रिंग ढकलली की खुर्ची डावीकडे वळते. पुन्हा ढकलली की आणखी डावीकडे. चारपाच प्रयत्नांनंतर माणूस निघाला होता तेथेच, परंतु भिंतीकडे तोंड करून बसलेला आढळतो. घरातील मंडळी पुढे होऊन खुर्ची ढकलू लागतात, आणि आठवडाभरात असा समज रूढ होतो की यांना काही खुर्ची चालवणे जमायचे नाही. त्यानंतर पाण्याच्या माठापर्यंत, मोरीपर्यंत किंवा नुसते ओसरीवर उन्हात बसायला जायचे म्हटले तरी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते. वास्तविक न जमण्याचा दोष बहुतेक वेळा माणसाकडे नसून खुर्चीकडे असतो. तो दूर करण्याचे मार्ग आहेत, आणि त्यांतील सर्वांत उपयुक्त मार्ग सर्वांत स्वस्तही आहे.

एकाच हाताचा वापर उरलेल्या व्यक्तींमध्ये सर्वांत मोठा वर्ग पक्षाघाताच्या रुग्णांचा आहे. खेड्यापाड्यांत यालाच लकवा किंवा अंगावरून वारे जाणे असे म्हणतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू लुळी पडते आणि पुष्कळदा वाचेवरही परिणाम होतो. उजव्या भागाला इजा झाली तर डावी बाजू जाते. दुसरा वर्ग अपघातग्रस्तांचा. यंत्रात किंवा रस्त्यावरील अपघातात एक हात गमावला आणि पायांनाही कायमची इजा झाली, असे या व्यक्तींचे स्वरूप असते. तिसरा वर्ग पोलिओने एक हात व दोन्ही पाय दुर्बल झालेल्या प्रौढांचा. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. परंतु त्यापूर्वीच्या पिढ्यांत ज्यांना तो झाला ती माणसे आज आपल्यात आहेत, आणि आयुष्यभर कुबड्या वापरून खांदे झिजल्यामुळे त्यांतील काहींना उतारवयात खुर्चीची गरज भासू लागते. हे तीन वर्ग वेगळे ओळखणे आवश्यक आहे, कारण तिघांना एकच खुर्ची चालत नाही.

आधी पायाकडे पाहावे

हात एकच असला की सर्वांचे लक्ष हातावरच खिळते. परंतु खुर्ची निवडताना पहिला प्रश्न पायाविषयी विचारावयास हवा. पक्षाघातात ज्या बाजूचा हात चांगला राहतो त्या बाजूचा पायही बहुधा चांगला असतो. अशा व्यक्तीला एक हात व एक पाय यांच्या साह्याने साधी खुर्ची उत्तम रीतीने चालवता येते. हात रिंग ढकलतो, त्यामुळे खुर्चीचे तोंड अधू बाजूकडे वळू लागते; त्याच क्षणी चांगला पाय पुढे टेकून जमीन मागे ओढतो आणि तोंड पुन्हा सरळ करतो. हात गती देतो व पाय सुकाणूचे काम करतो. नव्या यंत्रणेची, साखळीची किंवा दांड्याची यात काहीच आवश्यकता नसते.

आवश्यकता असते ती टाच जमिनीला टेकण्याची, आणि नेमके तेथेच सर्व अडते. बाजारात मिळणाऱ्या सामान्य खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे २० इंच म्हणजे ५० सेंटिमीटर उंच असते. तीवर २ इंचांची गादी ठेवली की उंची आणखी वाढते. आपल्याकडील पुष्कळ प्रौढ स्त्री-पुरुषांच्या गुडघ्यामागच्या घडीपासून टाचेपर्यंतचे अंतर १५ ते १७ इंच भरते. साहजिकच पाय लोंबकळत राहतो. चवडा जमिनीला लावण्यासाठी माणूस बैठकीवरून पुढे घसरतो, पाठीला पोक येतो, माकडहाडावर भार पडतो आणि थोड्याच दिवसांत तेथील कातडी लाल दिसू लागते. घरची मंडळी त्याला दिवसातून दहा वेळा काखेत धरून वर ओढून बसवतात. या ओढाओढीने पक्षाघाताने आधीच सैल पडलेल्या खांद्याला इजा होते ती वेगळीच.

यासाठी पाश्चात्त्य देशांत कमी उंचीच्या, सुमारे साडेसतरा इंच बैठक असलेल्या खुर्च्या खास तयार करण्यात येतात. आपल्याकडे अशी खुर्ची मिळाली तर ती अवश्य घ्यावी; न मिळाल्यास असलेल्या खुर्चीची बैठक खाली आणता येते. प्रथम माप घ्यावे. व्यक्तीला सपाट लाकडी पाटावर किंवा बाकावर नीट बसवून, रोजच्या वापरातील पादत्राण घालून, गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. माणूस बसून गादी दबल्यानंतर बैठकीची उंची या मापाइतकी किंवा त्याहून बोटभर कमी असावी. हे माप गादीसकट धरावयाचे असते, ही गोष्ट हमखास विसरली जाते. बैठक खाली आणण्यासाठी गादीच काढून टाकणे हा उपाय मात्र कोणीही करू नये.

बैठक खाली आणण्याची पहिली रीत म्हणजे मोठ्या चाकांचा आस वर सरकवणे. काही खुर्च्यांच्या सांगाड्याला यासाठी एकाखाली एक अशी दोन किंवा तीन भोके असतात. वरच्या भोकात आस बसवला की सांगाडा तितका खाली येतो. भोके नसतील तर जाड पत्र्याची पट्टी बोल्टांनी आवळून तीवर नवी जागा करता येते. नळीवर थेट वेल्डिंग करण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण पातळ नळी तापून कमकुवत होण्याचा संभव असतो. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला तर सामान्य वेल्डिंग चालतच नाही. दोन्ही बाजूंचे माप काटेकोर सारखे असावे. मागचा भाग खाली आला की पुढचाही तितकाच खाली आणावा लागतो. पुढची लहान चाके ज्या खुंटीभोवती फिरतात ती खुंटी उभी, जमिनीशी काटकोनात राहिली पाहिजे. ती तिरपी झाली तर लहान चाके थरथरतात, वळताना अडतात आणि एका हाताच्या माणसाचे उरलेसुरले बळ त्यांच्याशी झगडण्यात जाते. आणखी एक गोष्ट म्हणजे ब्रेक. चाकाची जागा बदलली की ब्रेकचा ठोकळा टायरला पूर्वीच्या ठिकाणी लागत नाही. तो नव्याने बसवल्याशिवाय खुर्ची कारखान्याबाहेर नेऊ नये.

दुसरी रीत सुतारकामाची आहे. सांगाड्याच्या दोन नळ्यांमधील रेक्झिनची झोळी काढून तिच्या जागी प्लायवूडची फळी लोखंडी आकड्यांनी नळ्यांना अडकवायची आणि ती नळ्यांच्या पातळीहून इंच-दीड इंच खाली लोंबती ठेवायची. झोळी कालांतराने मध्ये खोल जाते व माणूस एका कुशीवर कलतो. सपाट फळीमुळे हा दोषही आपोआप जातो. फळीची पुढची कड गोल घासलेली असावी आणि ती गुडघ्यामागच्या घडीपासून दोनतीन बोटे अलीकडेच संपावी, नाहीतर पाय मागे ओढताना ती टोचते. फळी उचलून काढता आली म्हणजे खुर्चीची घडीही होते. मात्र घडीच्या खुर्चीत बैठकीखाली ज्या फुलीसारख्या नळ्या असतात त्यांना फळी टेकणार नाही इतकीच ती खाली आणता येते.

तिसरी रीत लहान चाके बसवण्याची. मागची २४ इंची चाके काढून २२ इंची बसवली आणि पुढची ८ इंची काढून ६ इंची बसवली की बैठक सगळीकडून एक इंच खाली येते. हिशेब सोपा असल्यामुळे सायकलच्या दुकानात ही सूचना प्रथम मिळते. रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर ती ठीक आहे. शहाबादी फरशीच्या फटी, दाराचा उंबरठा आणि अंगणातील खडी यांतून मात्र पुढचे चाक जितके लहान तितके लवकर रुतते. आपल्या घरांचा विचार करता आस सरकवणे किंवा फळी बसवणे हेच अधिक श्रेयस्कर.

बैठक खाली आली म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूची पायाची पाटी काढून टाकावी, जेणेकरून पाय मोकळा राहील. अधू पायाची पाटी ठेवावयाचीच. परंतु बैठकीबरोबर तीही खाली आलेली असल्याने ती वर चढवून घ्यावी लागते. जमीन व पाटी यांत किमान २ इंच अंतर हवे. अधू पाय पाटीवरून मागे घसरून चाकाखाली जाऊ नये म्हणून टाचेमागे पट्टा लावावा. चांगल्या पायात घसरणारी चप्पल न घालता मागून बंद असलेले, रबरी तळाचे पादत्राण घालावे.

चालवण्याचा सराव पहिले काही दिवस मोकळ्या खोलीत, कोणाच्या तरी देखरेखीखाली करावा. टाच आधी टेकायची, मग तळवा, मग ओढायचे. अशक्त व्यक्तींना पुढे ओढण्यापेक्षा पायाने रेटत उलटे मागे जाणे सोपे वाटते. तसे जाण्यात काही गैर नाही, मात्र मागे वळून पाहता आले पाहिजे.

ब्रेक आणि अधू हात

चाकांच्या खुर्चीतून पडण्याचे प्रसंग पुष्कळदा खुर्ची चालत असताना नव्हे, तर तीतून उठताना किंवा तीत बसताना येतात. खुर्चीला दोन बाजूंना दोन ब्रेक असतात. एकाच हाताचा माणूस आपल्या हाताजवळचा ब्रेक लावतो. पलीकडचा पोहोचत नाही म्हणून तसाच सोडतो. उठण्यासाठी भार देताच खुर्ची त्या एका चाकाभोवती गर्रकन फिरते. पक्षाघाताच्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडले तर महिन्यांची सारी मेहनत वाया जाते.

यावरील उपाय काही रुपयांचा आहे. अधू बाजूच्या ब्रेकच्या दांड्यावर सहा ते आठ इंच लांबीची, घट्ट बसणारी नळी चढवायची. प्लॅस्टिकची जाड नळी चालते, लोखंडी असल्यास अधिक टिकते. लांब झालेला दांडा चांगल्या हाताने मांडीवरून पलीकडे झुकून सहज ओढता येतो. पलंगावर जाताना हा दांडा मध्ये येऊ लागला तर तो मागे पडणारा किंवा काढून ठेवता येणारा असावा. दोन्ही ब्रेक एकाच दांड्याने लागावेत म्हणून तारेची जोडणीही करता येते. परंतु तार सैल पडली की एक ब्रेक अर्धवट लागतो आणि ते सहसा लक्षात येत नाही. साधी नळीच अधिक विश्वासार्ह.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांना आपली डावी बाजू आहे याचेच भान राहात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडच्या वस्तूंकडे लक्ष जात नाही. ताटातील डावीकडचे पदार्थ तसेच उरतात, खुर्चीचे डावे चाक दाराच्या चौकटीवर आपटते आणि डावा ब्रेक कधीच लागत नाही. डाव्या ब्रेकच्या दांड्याला भडक लाल पट्टी गुंडाळणे व प्रत्येक वेळी डावीकडे मान वळवून ती शोधण्याची सवय लावणे, हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. घरच्यांनी याला हट्टीपणा किंवा वेंधळेपणा समजू नये. दुखणे मेंदूचे आहे.

अधू हाताची व्यवस्था खुर्चीतच करावी लागते. तो बाजूला लोंबत राहिला तर स्वतःच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली ओढला जातो, बोटांना सूज येते आणि कधी बोटे चाकाच्या तारांत सापडतात. स्पर्शज्ञान गेलेले असेल तर ते कळतही नाही. खुर्चीच्या त्या बाजूच्या हातावर स्पंज लावलेली, पन्हळीसारखी खोलगट पट्टी बसवून तीत कोपरापासून पंजापर्यंत हात ठेवावा, किंवा मांडीवर आडवी फळी बसवावी. फळी पोटाच्या आकाराने कापलेली व कडेला पट्टी लावलेली असली म्हणजे तीवर जेवण, वाचन, भाजी निवडणे अशी कामेही होतात. पायाने खुर्ची चालवणाऱ्याला आपला पाय दिसला पाहिजे म्हणून ही फळी पारदर्शक ॲक्रिलिकची केल्यास उत्तम. अधू बाजूच्या चाकाच्या तारांवर पातळ प्लॅस्टिकची तबकडी बसवणेही हिताचे ठरते.

गादीविषयी येथेच सांगणे योग्य होईल. खुर्चीत दीर्घकाळ बसणाऱ्यांना दोन्ही हातांवर भार देऊन अधूनमधून अंग उचलण्याचा सल्ला देण्यात येतो. तो एका हाताच्या व्यक्तीला लागू पडत नाही. तिने एका बाजूला कलून दुसरी बाजू हलकी करावी, मग उलट, आणि शक्य असेल तर कोणी जवळ असताना पुढे गुडघ्यांकडे वाकावे. रोज रात्री बैठकीच्या जागेची कातडी कोणीतरी पाहावी.

पाय नसेल तर

दोन्ही पाय निकामी व एकच हात चांगला, अशा व्यक्तीला मात्र यंत्रणा बदलावी लागते. यासाठी वापरात असलेली प्रमुख योजना म्हणजे एकाच बाजूला दोन रिंगा असलेली खुर्ची. चांगल्या हाताच्या बाजूला एक मोठी व एक लहान अशा दोन रिंगा शेजारी शेजारी बसवतात. एक रिंग त्याच बाजूचे चाक फिरवते. दुसरी बैठकीखालून आडव्या गेलेल्या दांड्याच्या द्वारे पलीकडचे चाक फिरवते. दोन्ही रिंगा एकत्र धरून ढकलल्या की खुर्ची सरळ जाते, एकच ढकलली की वळते.

कल्पना चतुर असली तरी तिच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. दोन हातांचे काम एका हाताला करावे लागते आणि वर यंत्रणेचे वजनही ओढावे लागते. दोन्ही रिंगा एका मुठीत मावतील असा पंजा व पकड हवी. त्या बाजूने खुर्चीची रुंदी वाढते, म्हणजे अरुंद दारात ती अडते. घडी करण्यापूर्वी आडवा दांडा काढावा लागतो. कोणत्या रिंगेने कोणीकडे वळायचे याचा हिशेब क्षणोक्षणी करावा लागत असल्याने पक्षाघाताच्या रुग्णांना ती गोंधळात टाकते. हात दणकट व समज तल्लख असलेल्या तरुण व्यक्तीला ती स्वातंत्र्य देऊ शकते. इतरांच्या घरी ती कोपऱ्यात धूळ खात पडण्याचीच शक्यता अधिक. दुहेरी चाकाची तबकडी व बेअरिंगे अचूक लागतात, त्यामुळे हे काम गावातील कारखान्यात करवून घेण्याच्या भरीस पडू नये. विकत घेण्यापूर्वी अर्धा तास तरी प्रत्यक्ष चालवून पाहावी, आणि तीही घराच्या दारासारख्या दारातून.

दांड्याने चालणारी खुर्चीही असते. एक उभा दांडा पुढेमागे हलवला की चाके फिरतात आणि तोच दांडा वळवला की दिशा बदलते. पकड कमकुवत पण खांदा चांगला असलेल्यांना ती सोयीची आहे. तिचे सुटे भाग मिळण्याची खात्री करूनच ती घ्यावी. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीत दिशादर्शक कळ डाव्या वा उजव्या कोणत्याही हाताला बसवता येते. ज्यांच्या एकमेव हातातही पुरेसे बळ नाही त्यांना तीच योग्य. परंतु ती जड असते, पायऱ्यांवरून उचलून नेता येत नाही आणि बॅटरी ठराविक काळाने बदलावी लागते.

हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही, कारण आपल्याकडे खुर्चीपेक्षा तीच अधिक परिचित आहे. तिची परंपरा जुनी आहे. न्यूरेंबर्ग येथील स्टीफन फार्फलर या अपंग घड्याळजीने १६५५ च्या सुमारास स्वतःसाठी हाताने फिरवायची तीनचाकी तयार केली होती. आपल्याकडील नेहमीच्या तीनचाकीत एका हाताने दांडा फिरवायचा व दुसऱ्या हाताने दिशा सांभाळायची असते. एकच हात असलेल्या माणसाला ती देणे म्हणजे त्याला नुसतेच बाकावर बसवणे होय. त्याला उपयोगी पडेल अशा तीनचाकीत फिरवण्याचा दांडा व दिशेचा दांडा एकच असावा लागतो, म्हणजे पुढच्या चाकाच्या खांबावरच फिरकी बसवलेली असावी आणि ब्रेकही त्याच हाताखाली हवा. शिबिरात वाटपाच्या वेळी ही बाब पाहून घेण्यात हयगय होऊ नये. शिवाय तीनचाकी रस्त्यासाठी आहे. घरात वावरण्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

घर आणि रस्ता

खुर्ची कितीही योग्य असली तरी उतरण चुकीची असेल तर ती दारातच थांबते. सार्वजनिक इमारतींसाठी उतरणीचे प्रमाण १ : १२ धरण्यात येते, म्हणजे ६ इंच उंचीच्या पायरीला ६ फूट लांबीची उतरण. दोन हातांच्या माणसाला ती चढता येते. एका हाताच्या माणसाला तीही जड जाते. जागा असेल तर घरापुढील उतरण १ : १६ किंवा १ : २० ठेवावी. पाय चालत असेल तर अशी उतरण उलटे, पायाने रेटत चढणे सोपे पडते. उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावली की भागते.

लांबीच्या दिशेचा चढ सर्वांना दिसतो; आडवा उतार मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाणी वाहून जावे म्हणून अंगण आणि रस्ता एका बाजूला किंचित उतरता ठेवलेला असतो. खुर्ची सतत त्या बाजूला ओढ घेते. दोन हातांचा माणूस एका रिंगेवर जोर देऊन हे सावरतो. एका हाताचा माणूस, विशेषतः उतार त्याच्या अधू बाजूकडे असेल तर, हळूहळू गटाराकडे सरकत जातो. एकाच टायरमधील हवा कमी असली तरी असेच घडते. म्हणून दोन्ही चाकांतील हवा दर आठवड्याला सारखी भरून घ्यावी. पुढच्या लहान चाकांच्या आसाभोवती दोरे व केस गुंडाळले जातात, तेही काढावेत. ब्रेकचे बोल्ट महिन्याने एकदा पान्याने आवळावेत.

मदत कोठे मिळते

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तींना विविध योजनांचा लाभ घेता येतो. उपकरणांसाठी साह्य देणारी केंद्र शासनाची योजना १९८१ या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षापासून सुरू आहे, तर कानपूर येथील कृत्रिम अवयव निर्मिती निगम (अलिम्को) या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्र शासनाच्या उपक्रमात खुर्च्या व तीनचाकी तयार होतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन करण्यात आला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. खुर्चीतील दुरुस्ती किंवा दारातील उतरण यांसारख्या कामांसाठी या निधीतून साह्य मिळावे, अशी मागणी ग्रामपंचायतीकडे अथवा नगरपालिकेकडे करण्यास हरकत नाही. मोजमाप व सल्ल्यासाठी जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र, वैद्यकीय महाविद्यालयांतील भौतिकोपचार व व्यवसायोपचार विभाग आणि मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून कार्यरत असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था यांच्याकडे जाता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये चाकांच्या खुर्च्यांच्या वाटपासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. खुर्ची हाती देणे हा या कामाचा केवळ एक टप्पा असून तपासणी, मोजमाप, बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि नंतरची पाहणी हे टप्पेही तितकेच आवश्यक आहेत, यावर त्यांत भर आहे. एका दिवसाच्या शिबिरात शेकडो साधने वाटली जात असताना या सर्व टप्प्यांना वेळ मिळणे कठीण, हे मान्य करावे लागेल. यासाठी घरच्यांनीच थोडी तयारी करून जावे. अर्जात नुसते ‘चाकांची खुर्ची’ असे न लिहिता कोणता हात चालतो, त्या बाजूचा पाय टेकता येतो का, गुडघ्यामागून जमिनीपर्यंतचे माप किती, कमरेची रुंदी किती आणि घराच्या सर्वांत अरुंद दाराची रुंदी किती, या पाच गोष्टी नमूद कराव्यात. खुर्ची आणण्यासाठी नातेवाइकाला एकटे न पाठवता ज्याच्यासाठी ती आहे त्यालाही बरोबर न्यावे, गादी ठेवून तीत बसवावे, आणि टाच जमिनीला टेकते की नाही व दोन्ही ब्रेक त्याच्या एका हाताने लागतात की नाही हे तेथेच पाहून मग पावतीवर सही करावी.